आधी इंजिनला हात

या अंकाच्या संपादकांनी मला फोन केला. म्हणाले, 'नाना, तुम्ही नवी मोटरसायकल घेतली असं कळलं. जुनी आणि नवी, चालवताना काय फरक वाटला, एवढंच लिहा.' एवढंच म्हणे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर बसून फरक सांगत आलो, पण ते सगळं तोंडी. लिहायचं म्हणजे खाली सही केल्यासारखं झालं. शिवाय माझ्या नव्या गाडीची बातमी नगरला संपादकांपर्यंत कुणी पोचवली, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. माझा संशय आमच्या जावयावर आहे.

आता संशयाचं म्हणाल तर तो माझा स्वभाव नव्हे, धंदा आहे. तिसगावात माझं पत्र्याचं गॅरेज होतं. पंक्चर सोडून सगळी कामं करायचो. पण लोक मला ओळखायचे ते ट्रायलसाठी. कुणाला जुनी मोटरसायकल विकत घ्यायची असली की तो आधी माझ्याकडं यायचा आणि म्हणायचा, 'नाना, तेवढी बघून द्या.' मग मी त्याच्याबरोबर विकणाऱ्याच्या दारात जायचो, गाडी तपासायचो, एक चक्कर मारून यायचो आणि 'घे' किंवा 'नको' एवढं सांगायचो. कोपरगावकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली माणसं उन्हाळ्यात घरी आली की माझ्या दारात रांग लागायची. पाथर्डी, शेवगाव, नेवासा, कुठंकुठं मला नेलं असेल, सांगता येत नाही. मी 'नको' म्हटलेली गाडी त्या भागात कुणी घेत नसे. माझी कमाई म्हणाल तर ती हीच, की लोकांना माझा शब्द पुरायचा.

ट्रायलचे माझे दोन नियम होते. पहिला नियम, विकणाऱ्याच्या दारात गेलं की रामराम नंतर, आधी इंजिनला हात.

याचं कारण सांगतो. गाडी रात्रभर थंड पडली की तिचं खरं दुखणं पहिल्या किकेला कळतं. आतल्या रिंगा झिजल्या असतील तर थंड इंजिन लवकर उठत नाही, आणि उठलं तर धूर सोडतं. एकदा तापलं की सगळं झाकून जातं. म्हणून विकणारा काय करतो, तर गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून चांगली तापवून ठेवतो. मग आपण गेलो की अर्ध्या किकेत चालू, आणि वर म्हणायला मोकळा, 'बघा, नुसता पाय लावला.' इंजिन गरम लागलं की मी समजायचो, दाल में काला नव्हे, डाळच काळी आहे.

दुसरा नियम चहाचा. निकाल दिल्याशिवाय विकणाऱ्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. एकदा एखाद्याच्या घरचा चहा पोटात गेला, की त्याच्या गाडीला नावं ठेवायला जीभ वळत नाही. आपल्याकडच्या माणसाचं ते तसंच आहे. मी 'नंतर' म्हणायचो. गाडी पसंत पडली तर प्यायचो, नाही पडली तर तसाच उठायचो. त्यामुळं काही लोक मला माणूसघाण्या म्हणायचे, ते माझ्या कानावर आहे.

शेवगावकडच्या एका गड्यानं इंजिनात ट्रॅक्टरचं जाड ऑइल भरून ठेवलं होतं, म्हणजे आतली खडखड ऐकू येऊ नये. मी ऑइलचं झाकण काढून बोट बुडवलं तर बोटाला काकवीसारखी तार सुटली. दुसरा एक मिरीच्या बाजूचा. त्याचं घर चढावर, आणि गाडी अशी उताराला तोंड करून लावलेली. म्हणाला, 'किक कशाला मारता? असं बसायचं आन सोडून द्यायचं.' गाडी गडगडत खाली जाते आणि गियर टाकला की चालू होते. मी म्हटलं, 'राजा, माझ्या गिऱ्हाईकाचं रान सपाटीला आहे.' त्याची गाडी मी हातानं ढकलत सपाटीला आणली. पंधरा किका मारल्या, बहिरोबाची शपथ, उचकी सुद्धा दिली नाही तिनं. हा उताराचा गडी लक्षात ठेवा. त्याला तेव्हा मी चारचौघांत लई हसलो होतो.

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही. करंजी घाटाच्या पलीकडं, मेहेकरीच्या अलीकडं एक वस्ती आहे. तिथं एक गाडी विकायची होती. तिसगावचा एक टेम्पोवाला घेणार होता, तो मला घेऊन गेला. गाडी माझ्याच गाडीची जुळी बहीण, तेच मॉडेल, तोच लाल रंग. गाडीचा मालक आजारानं वारलेला, आणि त्याचा धाकटा भाऊ भानुदास ती विकत होता. ओट्यावर वस्तीवरची पाच-सहा माणसं बसलेली. वारलेल्याची बायको दाराआड उभी होती. मी गेलो, नेहमीसारखा इंजिनला हात लावला. गरम.

मी भानुदासकडं बघितलं. तो म्हणाला, 'गाडीला दोन म्हैने कुनी हात लावला न्हाई, नाना.' आता दोन महिने उभी असलेली गाडी गरम, म्हणजे उघडं खोटं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'गाडी तापवून ठेवलीय. या घरात काहीतरी लपवतायत.' 'गाडीत' म्हणायचं होतं, तोंडातून 'घरात' गेलं. भानुदासचं तोंड उतरलं. तो 'आईशप्पत न्हाई' म्हणत राहिला, आणि मी चहा न घेता निघून आलो.

चार-पाच महिन्यांनी एक बाई गॅरेजवर आली. डोक्यावर पदर, त्याचं टोक दातात धरलेलं, आणि बुडाखाली तीच लाल मोटरसायकल. आमच्या भागात तेव्हा बाईमाणूस स्कूटीवर सुद्धा दिसत नसे. ती उतरली, स्टँड लावला आणि म्हणाली, 'वळखलं का? मी मंदा. त्या दिशी दाराआड हुते. गाडी मीच गरम केली हुती.'

झालं होतं ते असं. नवरा गेल्यावर दूध डेअरीला घालायचं काम तिच्यावर आलं. दुधाचे दोन भरलेले कँड घेऊन तीन कोस चालत जाण्यापेक्षा तिनं ठरवलं, गाडी शिकायची. रोज पहाटे घरातले उठायच्या आत ती गाडी ढकलत ओढ्यापलीकडं न्यायची आणि रानाच्या वाटेवर चालवायची. दिराला माहीत नव्हतं. मी गेलो त्या सकाळीही ती फिरवून आली होती. दिरानं गाडी विकायला काढली तेव्हा 'मला पायजे' म्हणायचं धाडस तिला झालं नाही. मी 'नको' म्हणालो, मग ती गाडी कुणी घेईना, पडून राहिली, आणि शेवटी एक दिवस ती सगळ्यांच्या देखत कँड अडकवून निघाली.

'तुमच्यामुळं माझी गाडी वाचली,' ती म्हणाली. मी खूश झालो. लगेच ती पुढं म्हणाली, 'पन भाऊजी खोटं न्हवते बोलले. त्यास्नी ठावंच न्हवतं. तुमी एकदा इचारायचं तरी, गरम का हाय म्हनून.'

मी विचारलं नव्हतं हे खरं. एवढ्या गाड्यांना हात लावला, पण 'का' असं कधीच कुणाला विचारलं नाही. हाताला कळलं की संपलं, असा माझा तोरा होता. भानुदासला पुढं वस्तीवर आणि बाजारात लोक 'गरम इंजिन' म्हणून चिडवायला लागले. त्याची माफी मागायला मी जाईन जाईन म्हणत गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. बाजारात समोर आला की तो मान वळवायचा. मंदा मात्र तेव्हापासून माझं कायमचं गिऱ्हाईक झाली.

आता माझ्या जुन्या गाडीविषयी. सत्तावीस वर्षांपूर्वी घेतलेली. हिला मी एवढं ओळखतो की बायकोला त्याचा राग येतो. साठच्या पुढं गेलं की उजवा आरसा थरथरतो, मागचं दिसेनासं होतं. म्हणजे साठ झाले, मीटरकडं बघायची गरज नाही. पेट्रोल संपत आलं की दोन आचके देते, मग खाली हात घालून चावी रिझर्व्हला फिरवायची. ब्रेकचं म्हणाल तर अर्ज आधी द्यावा लागतो, मंजुरी पुढच्या वळणाला मिळते. पण मला सवय होती. मी अर्ज आधीच देऊन ठेवायचो.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, किक बंद. त्याच सुमारास गाडीच्याही रिंगा झिजल्या होत्या. थंडीच्या सकाळी तिला सहा किका लागायच्या, आणि त्याही एका पद्धतीनं. पहिल्या चार चोक, म्हणजे पेट्रोल जास्त सोडणारा खटका, ओढून मारायच्या, मग चोक बंद करायचा आणि वरच्या दोन मारायच्या. पाचवी जर चोक ओढलेला ठेवूनच मारली, तर इंजिनात पेट्रोल तुंबतं आणि पुढं अर्धा तास गाडी उठत नाही. हे फक्त मला ठाऊक. रिंगा बदलायच्या तर इंजिन खोलावं लागलं असतं, आणि माझ्या गाडीचं इंजिन उघडं पडलेलं लोकांनी बघावं, हे मला नको होतं.

मग मी काय केलं असेल? आमचं घर थोडं उंचावर आहे. मी गाडी उताराला तोंड करून लावायला लागलो. सकाळी बसायचं आणि सोडून द्यायचं. बायको विचारायची, 'अशी वाकडी का लावता?' मी सांगायचो, सावलीसाठी.

लेकीला, मनीषाला, हे कसं कळलं कोण जाणे. ती कोपरगावला असते. दिवाळीला आली, एक सकाळ ओट्यावर बसून मला उतारावरून जाताना बघितलं, आणि महिन्याभरात नवऱ्याला घेऊन नवी मोटरसायकल दारात आणून उभी केली. टाकीला हार, वर नारळ. ती म्हणाली, 'नाना, ब्रेक चांगले आहेत आणि किकच नाही.'

किकच नाही, हेच मला आधी खटकलं. बटण दाबायचं. उद्या बॅटरी बसली तर काय करायचं? जावई म्हणाले, 'बसत नाही.' ही अशी उत्तरं मी विकणाऱ्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकली आहेत.

मी इंजिनला हात लावला. गरम. शोरूमपासून चालवत आणली होती, गरम असणारच. तरी हात बराच वेळ तिथंच राहिला.

पहिली चक्कर. चोक नाही, पेट्रोलची चावी नाही. बटण दाबलं तर सुईं करून चालू झाली, आणि चालू आहे की नाही हे बघायला मला वाकून सायलेन्सरपाशी कान न्यावा लागला. भर दुपारी पुढचा दिवा लागलेला, बंद करायला बटणच नाही. लोक हात करून खुणा करायला लागले, 'नाना, दिवा.' मी गियर टाकला आणि गाडी जागच्या जागी बंद. पुन्हा चालू, पुन्हा गियर, पुन्हा बंद. मी मनीषाकडं असं बघितलं की जणू मला दोषी सापडला. ती म्हणाली, 'नाना, साइड स्टँड वर घ्या. स्टँड खाली असला की चालत नाही ती.' म्हणजे गाडी मला शिकवणार.

चौकात पोचलो तर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी न्यूट्रल करून थांबलो आणि काही सेकंदांत गाडी पुन्हा गप. मेली म्हणून मी उतरायला लागलो, सवयीनं क्लच दाबला, तर आपली आपण चालू. तिथं पानाच्या टपरीवर चारजण बसले होते, त्यांच्यासमोर. नंतर कळलं, पेट्रोल वाचावं म्हणून ती स्वतःच बंद होते आणि स्वतःच उठते. मला न विचारता मरणारी आणि न विचारता उठणारी वस्तू मी घरात बांधत नाही. पण आणलेली होती.

मीटरच्या काचेत एका लिटरला किती जाते, सर्व्हिसिंग कधी, गियर कितवा, सगळं आकड्यांत दिसतं. जी गाडी स्वतःविषयी एवढं बोलते तिच्यात काहीतरी लपवण्यासारखं असलं पाहिजे, असं माझं मत झालं. साठला आरसा थरथरला नाही, म्हणून मी साठ झाले हे धरलंच नाही. आकडा बघितला तर बाहत्तर. सरळ रस्त्यावर क्षणभर हँडल सोडून बघितलं, कुठं ओढते का. ओढली नाही. मी आठवडाभर रोज नवी परीक्षा घेतली आणि रोज ती पास झाली. माझा संशय त्यामुळं वाढतच गेला.

जुनी विकायची नाही, असं मी म्हणत होतो. बायको, सुमन, म्हणाली, 'मग एकीवर बसा आणि एकीला ओवाळा.' आणि त्याच आठवड्यात मंदाचा निरोप आला. तिच्या गाडीची चेसी, म्हणजे सांगाडाच, मोडला होता. तिला तेच मॉडेल पाहिजे होतं. 'नवी नको,' म्हणाली, 'पायाला सवय हाय ती बरी. तुमची इकायची असली तर मी येते बघायला.' तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी दिली नसती.

ज्या दिवशी ती यायची होती त्या सकाळी मी गाडी उतारावरून सोडली, चालू केली, पाच मिनिटं फिरवली आणि अंगणात सपाटीला, रस्त्याकडं तोंड करून लावली. फडकं मारलं. हे करताना मला काहीच वाटलं नाही, हे खरं सांगतो. सत्तावीस वर्षांची गाडी, पाहुण्यांपुढं तिनं खोकत उभं राहू नये, एवढंच डोक्यात होतं. मुलगी दाखवायची म्हटल्यावर आपण तोंड धुऊन पुढं करतोच की.

मंदा एसटीनं आली. आता पन्नाशीला टेकलीय, केस पांढरे. अंगणात आली, मी 'ये मंदाताई' म्हणालो, तिनं रामराम नंतरसाठी ठेवला. सरळ गाडीपाशी गेली आणि इंजिनवर हात ठेवला.

हात तसाच ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. 'गरम हाय, नाना.'

सुमन चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली. माझ्या तोंडाशी आलं होतं, आत्ताच बाजारातून आलो. साधं होतं, कुणाला कळलं नसतं.

मंदा म्हणाली, 'तुमी त्या दिशी इचारलं न्हाई. मी इचारते. गरम का हाय?'

'तापवलीय,' मी म्हणालो. 'थंड असली की उठायला त्रास देते. तुला दिसू नये म्हणून तापवली.'

मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. ब्रेक उशिरा लागतो, मडगार्ड आतून सडलंय, मीटरची केबल दोनदा तुटलीय, मागचा शॉकॲब्सॉर्बर एका बाजूला बसलाय, सगळं सांगितलं. सुमन म्हणाली, 'एवढं खरं तुम्ही माझ्या बापापुढं बोलला असता तर मी या घरात आले नसते.'

मंदा हसली. 'किती किका लागत्यात?'

'चार,' मी म्हणालो.

आता हे का म्हणालो, देव जाणे. एवढं सगळं सांगितलं, आणि तिथं येऊन जीभ दोन किका गिळून बसली. आपली गाडी आहे हो. दुसऱ्याच्या गाडीचे वाभाडे काढणं वेगळं. आणि सहा म्हटलं की चोकचं सांगावं लागतं, चोकचं सांगितलं की रिंगांचं, आणि रिंगांचं सांगितलं की नाना मिस्त्रीनं स्वतःच्या गाडीचं इंजिन दोन वर्षं तसंच ठेवलं, हे आलंच.

'चार म्हंजी काय न्हाई,' मंदा म्हणाली. 'थंड व्हईपर्यंत बसले असते, पन तुमचा शबुद हाय. टाका काकू चहा.' तिनं चहा घेतला, कागदांवर सह्या झाल्या, आणि माझी गाडी माझ्यासमोर फाटकातून गेली. वळणापर्यंत आवाज ऐकू आला. मी चहा प्यायलो नाही.

संध्याकाळी लक्षात आलं की हे नुसतं दोन किकांचं नाही. मंदाचं दूध सातच्या आत डेअरीवर गेलं पाहिजे, नाहीतर डेअरीची गाडी निघून जाते आणि दूध परत येतं. थंडीचे दिवस. ती चोक ओढून चार किका मारणार, गाडी उठली नाही की चोक तसाच ठेवून पाचवी मारणार, आणि पेट्रोल तुंबणार. मग पुढं अर्धा तास ती तिथं उभी, दोन कँड भरलेले. मी फोन लावला. लागला नाही. तिच्या वस्तीवर लिंबाच्या झाडाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो. सुमन म्हणाली, 'सकाळी लावा.' मी म्हटलं, सकाळी कशाला, सकाळी जातोच.

पाचला उठलो. नवी गाडी बाहेर काढली, बटण दाबलं, एका क्षणात चालू. थंडी अशी होती की जुनी असती तर मी अजून उतारावरच असतो. हे मनात आलं आणि मला जुनीचा थोडा राग आला.

तिसगावातून करंजीपर्यंत रस्ता मोकळा होता. घाट चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर पुढं अंधुक काहीतरी काळं दिसलं. उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही, ट्रॅक्टर बंद पडून रस्त्यातच उभा. मी दोन्ही ब्रेक दाबले. अर्ज द्यायला वेळच नव्हता. गाडी सरळ रेषेत थांबली, इकडंतिकडं झाली नाही, आणि उसाचे शेंडे माझ्या चेहऱ्यापासून हातभर लांब. ट्रॅक्टरवाला म्हणाला, 'बाबा, लागलं का?' मी म्हटलं, 'न्हाई, पण दिवा लाव बाबा.' जुनी असती तर मी उसात असतो. मनीषाला हे मी अजून सांगितलेलं नाही. आता या अंकात वाचेल.

घाट चढून माथ्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, मघापासून मी गाडीकडं लक्षच दिलेलं नाही. कान इंजिनवर नव्हता, डोळा आरशावर नव्हता. सगळा वेळ मंदाच्या पाचव्या किकेचा विचार करत होतो. संपादकसाहेब, तुम्हाला निकाल पाहिजे ना, तर हा घ्या. नवी गाडी माणसाला दुसऱ्या कशाचा तरी विचार करू देते. जुनी देत नव्हती. यात चांगलं किती आणि वाईट किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. मंदा अंगणात लाल गाडीपाशी उभी, दोन्ही बाजूंना कँड अडकवलेले, एक पाय किकवर. मी लांबूनच हात केला. ती थांबली.

'चार झाल्या, नाना,' ती म्हणाली.

मी उतरलो. 'चार नाहीत. सहा लागतात. मी खोटं बोललो. चोक बंद कर आणि आणखी दोन मार.'

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग चोक बंद केला आणि मारली. पाचवीला गाडीनं नुसता हुंकार दिला. सहावीला उठली. निळा धूर सुटला, आणि तो सगळा मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

'रिंगा गेल्यात,' मी म्हणालो. 'रविवारी घेऊन ये. मी बदलून देतो, इंजिन खोलून. नको असली तर आत्ता परत घेऊन जातो.'

'दूध घालून येते,' मंदा म्हणाली. 'तवर बसा.' आणि गेली. रागावली होती की नाही, ते पाठमोऱ्या बाईवरून कसं कळणार?

मी ओट्याच्या कडेला बसलो. हाच ओटा. आवाजानं भानुदास बाहेर आला. कानटोपी, अंगावर घोंगडी, म्हातारा दिसायला लागलेला. माझ्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं. नव्या गाडीपाशी गेला. तिच्याभोवती एक फेरी मारली. मग वाकला आणि इंजिनवर हात ठेवला.

मला वाटलं, आता उठून जावं.

'गरम हाय,' भानुदास म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, 'का?'

अठरा वर्षांपूर्वी मी त्याला विचारायला हवा होता तो हा शब्द. मी त्याला सगळं सांगितलं. कालच्या तापवलेल्या गाडीपासून सुरुवात केली, दोन किकांचं सांगितलं, घाटातल्या ट्रॉलीचं सांगितलं, आणि शेवटी त्या दिवशी मी तुझ्या घरावर जे बोललो ते चुकीचं बोललो, हेही सांगितलं. तो इंजिनवरचा हात न काढता ऐकत होता. हात शेकत असावा, थंडी होतीच.

मग तो आत गेला आणि दोन कप घेऊन आला. एक माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, 'आता निकाल झाला. आता घ्यायला हरकत न्हाई.'

मी घेतला. आम्ही दोघं मंदा येईपर्यंत ओट्यावर बसून होतो.